१३६ गुरुवार

लेखाच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. एक म्हणजे माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. दुसरी म्हणजे हा लेख ज्या संगीताबद्दल आहे, ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अजिबात आवडलं नव्हतं. दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला होता. तरीही त्यावर लिहायचं कारण असं, की या गोष्टीतल्या मुख्य माणसाचंही अगदी हेच झालं होतं. फक्त उलट्या दिशेने!

माझं गाव सारंगखेडा. तापीच्या काठावर, शहादा तालुक्यात. हॉस्टेलवर गावाचं नाव सांगितलं की समोरून हमखास येतं, "म्हणजे ते घोड्यांच्या बाजारवालं?" हो, तेच. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा बाजार. पण माझ्या लहानपणीचा सारंगखेड्याचा आवाज म्हटला तर मला घोड्यांच्या टापा आठवत नाहीत. आठवतो तो आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा रेडिओ. पहाटे सहा वाजायच्या थोडं आधी आबा तो लावायचे. आधी नुसती खरखर, मग तानपुऱ्याचा सूर आणि त्यावर व्हायोलिनची ती धून. आकाशवाणीची संकेतधून! तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती वाजली असेल. मी गोधडीत असायचे, आणि ती धून म्हणजे "अजून पाच मिनिटं झोपता येईल" असा तिचा माझ्यापुरता अर्थ होता.

गेल्या वर्षी सिग्नल्सच्या सबमिशनसाठी कुठला तरी छोटा ऑडिओ हवा होता. मी हीच धून घेतली. तिचा स्पेक्ट्रम काढला, आलेख चिकटवला, मार्क मिळाले. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ही केली कोणी? मला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याकडचे बुवा किंवा पंडितजी असणार. निघाला वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड, बोहेमिया. म्हणजे आजचं चेक रिपब्लिक! (काही ठिकाणी दुसरी नावंही वाचायला मिळतात, पण बहुतेक अभ्यासक श्रेय कॉफमनलाच देतात.) आणि व्हायोलिन कोणाचं? मुंबईचे मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील.

धून सगळ्यांना माहीत आहे. पण ती करणारे हे दोघं त्याआधी एकत्र काय करत होते, ते फारसं कुणाला माहीत नाही. ते दर गुरुवारी संध्याकाळी मुंबईत तीन-चार जणांत बसून वाजवत होते. त्या मंडळाचं नाव बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी. हा लेख त्या मंडळाचा इतिहास आहे.

आधी हे 'चेंबर म्युझिक' म्हणजे काय ते पाहू, कारण मलाही माहीत नव्हतं. चेंबर म्हणजे खोली. खोलीत वाजवायचं संगीत. ऑर्केस्ट्रात पन्नास-शंभर वादक असतात आणि त्यांच्यासमोर काठी घेतलेला कंडक्टर असतो (एसटीतला नव्हे!). चेंबर म्युझिकमध्ये दोन ते आठ-नऊ जण, आणि प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ. तुझी ओळ तूच वाजवायची, दुसरा कोणी ती भरून काढणार नाही. कंडक्टर नाही, त्यामुळे सगळी सूत्रं नजरेने आणि श्वासाने. यातला सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. मराठीत 'चौकडी' म्हणावं तर लगेच 'चांडाळ' आठवतं, म्हणून क्वार्टेटच म्हणते. अठराव्या शतकात हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने हा प्रकार रूढ केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत युरोपातला जवळजवळ प्रत्येक मोठा संगीतकार इथे आपली परीक्षा देऊन गेला. लपायला जागाच नसते ना!

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काय? माझ्या मते बैठक. खोली तीच, माणसं तितकीच, ऐकणारे हाताच्या अंतरावर. फरक इतकाच की बैठकीत गवई जागच्या जागी राग फुलवतो, बाकीचे साथ करतात. क्वार्टेटमध्ये सगळं आधी कागदावर लिहिलेलं असतं आणि चौघंही मुख्य असतात. म्हणून आपल्या कानाला पहिल्यांदा गोंधळ वाटतो. नक्की ऐकायचं कोणाचं?

आता कॉफमन. तो बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकला. कुर्ट झाक्स हेही त्याचे शिक्षक. हे झाक्स म्हणजे वाद्यांच्या वर्गीकरणाची जगभर वापरली जाणारी पद्धत ज्या दोघांच्या नावाने ओळखली जाते त्यांच्यापैकी एक (१९१४). गंमत म्हणजे ती पद्धत आपल्या नाट्यशास्त्रातल्या तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या चार वर्गांशी बरीच जुळते. तारेची, चामड्याची, ठोकायची आणि फुंकायची वाद्यं. असो. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात कॉफमनने संगीतशास्त्रात डॉक्टरेटचं काम पूर्ण केलं. पण त्याचे प्राध्यापक नाझींचे पुढारी असल्याचं कळल्यावर त्याने डॉक्टरेट घ्यायलाच नकार दिला. आपल्याला एक इंटर्नल गेली तरी जीव खालीवर होतो. इथे हा गृहस्थ हातात आलेली पीएच.डी. नको म्हणतोय!

कॉफमन ज्यू होता. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर आला आणि ज्यू संगीतकारांची कामं एकामागून एक बंद झाली. खुद्द श्रेकर यांनाही पदावरून घालवलं गेलं. कॉफमनने १९३४ च्या फेब्रुवारीत मुंबई गाठली. मुंबईच का? एक कारण व्यवहाराचं. मोहन भवनानी हे चित्रपट दिग्दर्शक त्याचे बर्लिनपासूनचे मित्र होते, आणि पुढे त्यांच्या चित्रपटांसाठी त्याने संगीताचं कामही केलं. पण दुसरं कारण मला जास्त आवडलं. त्याने युरोपात असताना भारतीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या, आणि त्या त्याला काही केल्या कळल्या नव्हत्या. परक्या, अनाकलनीय वाटल्या. (हेडफोन काढून ठेवलेली मी आठवा!) पण मग त्याने जो विचार केला तो साधारण असा. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच केलंय. लाखो लोक त्यावर प्रेम करत असणार. मग ते मला कळत नसेल तर दोष संगीताचा नाही, माझा आहे. आणि दोष माझा असेल तर तिथे जाऊनच शिकायला हवं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट चुकीचा आला तेव्हा त्याने सिग्नलला दोष दिला नाही, आधी आपला रिसीव्हर तपासला. हे वाचल्यावर मी पुन्हा हेडफोन लावला. त्याबद्दल पुढे सांगते.

तो आला होता थोड्या दिवसांसाठी. राहिला बारा वर्षं. आल्यावर काही महिन्यांतच त्याने सोसायटी काढली. तो स्वतः पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर, एडिजिओ व्हर्गा हे चेलोवर, आणि सुरुवातीच्या वादकांत रिग्मोर सोरेन्सन हेही एक नाव येतं. एक चेक ज्यू, एक मुंबईचा पारशी, एक इटालियन नाव, एक डॅनिश नाव. कार्यक्रम दर गुरुवारी, विलिंग्डन जिमखान्यात.

यातले मेहली मेहता म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. जन्म १९०८, मुंबई. शिक्षण कॉमर्सचं, पेशाने अकाउंट्सचं काम येणारे. व्हायोलिन बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, रेकॉर्ड ऐकून ऐकून. तेव्हाच्या मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा पूर्ण अभ्यासक्रम शिकवेल अशी संस्था कुठे होती? पारशी घरांत पियानो असायचा, गोव्याहून आलेले ख्रिश्चन वादक चर्चमध्ये स्वरलिपी शिकून आलेले असायचे आणि हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. तयार हात होते. नव्हती ती या हातांना हायडन-बेथोवेन यांच्यासमोर नियमाने बसवणारी जागा. कॉफमनने ती जागा दिली.

आता आकडा. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. मी हिशेब करून पाहिला. १९३४ च्या मध्यापासून मे १९३७ पर्यंत साधारण १५० गुरुवार येतात. त्यातले १३६! मुंबईचा पावसाळा, आजारपणं, सणवार धरूनही. आपल्या कॉलेजच्या म्युझिक क्लबच्या एका वर्षात किती मीटिंग झाल्या ते मी इथे लिहीत नाही, संपादक मंडळात त्या क्लबचे दोन मेंबर आहेत.

मला या आकड्यातच या मंडळाचं खरं मोठेपण वाटतं. एकदाच मोठा जलसा करणं तुलनेने सोपं असतं. हॉल, तिकिटं, हार, भाषण, फोटो. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी येऊन बसणं आणि प्रत्येक वेळी काहीतरी तयार करून आणणं, हे फार अवघड. ऐकायला वीसच माणसं असोत की दोनशे. क्वार्टेट हा प्रकार तर नुसत्या गुणवत्तेवर चालतच नाही, त्याला एकमेकांची सवय लागते. कोण कुठे श्वास घेतो, कोण घाई करतो, कोण उशिरा येतो, हे चौघांच्या अंगात मुरावं लागतं. ते रियाजाने कमी आणि गुरुवारांनी जास्त मुरतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. हे सगळं क्लबात चाललं होतं. श्रोते मुख्यतः युरोपियन, पारशी आणि वरच्या वर्गातले. तिथून काही मैलांवर गिरगावात प्रोफेसर बी. आर. देवधर यांचं संगीत विद्यालय १९२५ पासून सुरू होतं. १९३६ मध्ये, म्हणजे या गुरुवारांच्या भर दिवसांत, एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा तिथे शिकायला आला. शिवपुत्र कोमकली, म्हणजेच आपले कुमार गंधर्व! देवधर मास्तरांनी स्वतः पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता, म्हणजे इकडून तिकडे बघणारी माणसं होती. पण एकूण गिरगावचा श्रोता आणि जिमखान्याचा श्रोता एकाच शहरात राहून एकमेकांना अनोळखी होते. कॉफमन या दोन्हींच्या मधल्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला, एवढं नक्की म्हणता येईल. भिंत पडली असं मी म्हणणार नाही.

१९३७ मध्ये तो ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख झाला आणि १९४६ पर्यंत तिथे होता. संकेतधून त्याआधीची, १९३६ ची. ती शिवरंजनी रागावर आहे असं सांगतात. भूप माहीत आहे ना? त्यातला गंधार कोमल करा की झाला शिवरंजनी. सा, रे, कोमल ग, प, ध. पाचच स्वर. एकच स्वर अर्धी पायरी खाली आणला तर पहाटेचा रंग कसा बदलतो, हे घरी पेटीवर करून बघा.

आता पेटी आलीच आहे तर थोडं गणित, कारण शेवटी हे इंजिनिअरिंग कॉलेजचं मासिक आहे! शुद्ध हिशेबाने सा आणि कोमल ग यांच्या कंपनसंख्येचं गुणोत्तर ६:५, म्हणजे १.२. पियानोवर आणि पेटीवर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. दर पट्टीला दोनच्या बाराव्या मुळाने गुणायचं. तीन पट्ट्या वर गेलं की येतं १.१८९२. सा २४० हर्ट्झचा धरला तर शुद्ध हिशेबाचा कोमल ग २८८ वर हवा, पेटी देते २८५.४. अडीच हर्ट्झचा फरक! ऐकू येतो का? तानपुरा छेडून बघा, येतो. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट जिथे ठेवाल तिथे स्वर. त्यामुळे युरोपात जन्मलेल्या सगळ्या वाद्यांत व्हायोलिन आपल्याकडे इतकं सहज रुळलं. पेटीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदीच घातली, आणि ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. पेटीवर मींड येत नाही आणि स्वर असे ठोकळेबाज, हे आक्षेप. म्हणजे ज्या रेडिओच्या धुनीत परदेशी व्हायोलिन सन्मानाने वाजत होतं, तिथे गावोगावच्या भजनांतली पेटी मात्र चालत नव्हती. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.

रेडिओवर असताना कॉफमनने काय केलं असेल तर शिकला. फिरला, ऐकलं, राग लिहून काढले. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने उत्तर भारतीय रागांवर एक जाडजूड ग्रंथ (१९६८) आणि दक्षिणेच्या रागांवर दुसरा (१९७६) प्रसिद्ध केला. ज्या संगीताला परकं म्हणून निघाला होता त्याचाच कोश! आणि याच मुंबईच्या काळात तो क्वार्टेट, सोनाटा असं स्वतःचं नवं संगीत लिहीत होता. म्हणजे 'आजचं शास्त्रीय' म्हणतात ना, ते तेव्हाचं आजचं. त्यात रागाच्या सावल्या येतात, पण सतार वाजल्याचा भास वगैरे नाही. पाठांतर न करता समजून लिहिलेलं उत्तर कसं असतं, तसं.

घरची बाजू मात्र अंधारी होती. त्याची बायको गर्टी, तीही मुंबईत आली होती. ती प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची, त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी. काफ्काच्या तिन्ही बहिणी युद्धकाळात नाझींनी नेल्या आणि त्यातली एकही परत आली नाही. मुंबईत रोज पहाटे धून वाजत होती तेव्हा तिकडे हे चाललं होतं. ते कळल्यापासून मला ती धून पूर्वीसारखी झोपेची वाटत नाही.

मंडळी पांगली कशी? मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभी केली होती, आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. म्हणजे गुरुवारांची सवय पुढे चालू राहिली. क्वार्टेटच्या तालमी मेहतांच्या घरी चालायच्या आणि छोटा झुबिन (जन्म १९३६) त्या ऐकत मोठा झाला. पुढे व्हिएन्ना, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क इथल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांसमोर उभा राहिलेला माणूस मुळात दिवाणखान्यातल्या चार वाद्यांवर वाढला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. १९४५ मध्ये मेहली स्वतः पुढचं शिकायला न्यूयॉर्कला गेले. वय सदतीसच्या आसपास, घरी दोन मुलं, आणि हा माणूस विद्यार्थी म्हणून जातो! परत आले, पण १९५० च्या दशकात इंग्लंडला, मग कायमचे अमेरिकेत गेले. २००२ मध्ये तिकडेच वारले. कॉफमन १९४६ मध्ये लंडनला गेला, तिथून कॅनडाला. १९४८ पासून विनिपेगच्या सिम्फनीचा कंडक्टर, १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. १९८४ मध्ये तो तिथेच वारला. त्याची हस्तलिखितं त्या विद्यापीठाच्या लायब्ररीत गेली आणि क्वार्टेट कपाटात झोपले.

मुंबईत मागे काय राहिलं? अगदीच काही नाही असं नाही. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक (हो, 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव ज्यांच्यावरून आलं तेच, प्यारेलाल त्यांचे शिष्य) यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर बांधलेल्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा निघाली, २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. पण कॉफमनचं स्वतःचं संगीत? त्याची धून कोट्यवधी लोकांनी ऐकली आणि बाकी काही जवळजवळ कोणीच ऐकलं नाही. इतकं विचित्र नशीब दुसऱ्या कुणा संगीतकाराचं मला माहीत नाही.

ती कपाटं उघडली टोरांटोच्या एका मंडळाने. नाव एआरसी ऑन्सॉम्बल. तिथल्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीमधल्या शिक्षक-वादकांनी २००२ मध्ये सुरू केलेलं हे चेंबर मंडळ. कलादिग्दर्शक सायमन विनबर्ग. यांनी एक वेगळंच काम अंगावर घेतलंय. नाझी आणि इतर हुकूमशाह्यांमुळे देशोधडीला लागलेल्या, विसरल्या गेलेल्या संगीतकारांच्या रचना शोधायच्या, हस्तलिखितांवरून वाजवण्याजोग्या करायच्या आणि ध्वनिमुद्रित करायच्या. त्या मालिकेत २०२० मध्ये कॉफमनची सीडी आली. त्यात सातवा आणि अकरावा क्वार्टेट आहे, व्हायोलिन-पियानोचा सोनाटा आहे, एक सात जणांचा सेप्टेटही आहे. लिहिल्यानंतर ऐंशीएक वर्षांनी!

मी हेडफोनवर ऐकलं आणि दोन मिनिटांत काढून ठेवलं ते हेच. दुसऱ्यांदा लावताना एक युक्ती केली, तुम्हीही करा. चारही वाद्यं एकदम ऐकायची नाहीत. पहिल्या फेरीत फक्त चेलो धरायचा. तो काय करतोय, कधी गप्प बसतोय. दुसऱ्या फेरीत वरचं व्हायोलिन. तिसऱ्या फेरीत मधली दोघं, जी नेहमी दुर्लक्षित असतात (हॉस्टेलच्या रूममधले मधल्या दोन कॉटवाले समजा). चौथ्या फेरीला मला ते एकत्र ऐकू आलं. आवडलं का? काही भाग खूप. काही अजूनही नाही. पण आता न आवडणं माझ्या ओळखीचं झालंय.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आबांना ऐकवलं. आबा आता ब्याऐंशीचे आहेत, कानाने कमी. रेडिओ केव्हाच बिघडून माळ्यावर गेलाय. मी मोबाईलवर अकरावा क्वार्टेट लावला तर आबा म्हणाले, "हाई काय शे व बेटी? मच्छर का?" बरोबरच होतं त्यांचं. एवढ्याशा स्पीकरमधून चेलोचे खालचे स्वर येतच नाहीत, आणि म्हातारपणी कान आधी वरच्या फ्रिक्वेन्सी सोडतात. म्हणजे जे मोबाईल देत होता ते आबांना नीट ऐकू येत नव्हतं आणि जे आबांना ऐकू आलं असतं ते मोबाईल देत नव्हता! मग चुलतभावाचा मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला. ओसरीवर ठेवला. आता आबा खाटेवर सरळ बसले.

"येस्नं भांडन चालू शे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही आबा, बोलताहेत."

थोड्या वेळाने म्हणाले, "तो जाड आवाजवाला कोन शे? तो शाना शे."

तो चेलो होता. मी त्यांना सांगितलं की हाच तो माणूस, रेडिओच्या धुनीवाला. आबांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नसावं. मग मी धून लावली. ती मात्र मोबाईलवरही त्यांना पहिल्या दोन स्वरांत कळली. त्यांचा हात आपोआप कोनाड्याकडे गेला, जिथे पूर्वी रेडिओ असायचा.

त्या दिवशी गुरुवार होता. हे मी जुळवून सांगत नाहीये, दत्ताचा वार म्हणून आमच्या घरात गुरुवार लक्षात राहतोच. आबा पन्नासएक वर्षं दर गुरुवारी रात्री देवळात भजनाला जातात. पूर्वी दहा-बारा जण असायचे. आता पेटी, तबला, दोन टाळ, एवढेच. आबा टाळावर. कंडक्टर नाही, नजरेने चालतं. लहानपणी मी या भजनाला थोडी लाजायचे, शाळेत आम्ही इंग्रजी कॉयर गायचो ना! त्या रात्री आबांबरोबर जाऊन बसले आणि पहिल्यांदा एकेकाला वेगवेगळं ऐकलं. तबलेकाका घाई करतात. दुसऱ्या टाळाचे आजोबा दर ओळीच्या शेवटी किंचित थांबतात आणि सगळे त्यांच्यासाठी थांबतात. कुणी सांगितलेलं नाही. किती गुरुवार लागले असतील?

पेटीवाल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे ते महिनाभर येणार नाहीत. परवा फोनवर आबांनी विचारलं, सेमिस्टर संपल्यावर येशील तेव्हा पेटीवर बसशील का. शाळेत कीबोर्ड शिकले होते, म्हणून हो म्हणून टाकलंय. भजनं अजून एकही पाठ नाही. आबांनी त्यांची वही फोटो काढून पाठवायला चुलतभावाला सांगितलंय, त्यातली चार पानं आलीत, बाकीची यायची आहेत.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन